प्रकाशीय प्रतिमांकनातली पीएच.डी.: खोली कुठे शोधायची?

प्रश्न: भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर मी प्रकाशीय प्रतिमांकन आणि संवेदन या विषयातल्या आंतरविद्याशाखीय पीएच.डी. कार्यक्रमात प्रवेश घेतला. पहिल्या वर्षात प्रकाशशास्त्र, संकेतप्रक्रिया, शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्र असे चार दिशांचे अभ्यासक्रम झाले आणि तीन प्रयोगशाळांत थोडेथोडे काम झाले. काचबिंदूच्या रुग्णांमध्ये दृष्टिपटलावरच्या चेतातंतूंच्या थराची जाडी ओसीटीने, म्हणजे परतणाऱ्या प्रकाशावरून ऊतींचा खोलीनुसार छेद दाखवणाऱ्या ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीने, मोजणे हे माझ्या प्रबंधाचे क्षेत्र ठरले आहे. माझ्या पहिल्या मार्गदर्शक प्रकाश-अभियांत्रिकीच्या प्राध्यापक आहेत आणि त्यांना उपकरणाची विभेदनक्षमता, म्हणजे अगदी जवळचे दोन पृष्ठभाग वेगळे ओळखण्याची क्षमता, सहा मायक्रॉनवरून तीन मायक्रॉनवर आणायची आहे. दुसरे मार्गदर्शक नेत्रतज्ज्ञ आहेत. यंत्र पुरेसे सूक्ष्म पाहते, पण त्याने दिलेल्या आकड्यावर कधी विश्वास ठेवावा हे मला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. दोघांच्या ओढाताणीत वर्ष संपले. शुद्ध भौतिकशास्त्र निवडलेले माझे सहाध्यायी एकाच विषयात खोल गेले आहेत आणि माझी मात्र ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ अशी गत झाली आहे असे वाटते. मी परत भौतिकशास्त्र विभागात जावे का? राहिले तर काय शिकावे, काय सोडावे? आणि असे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला पुढे काम कोण देईल?

उत्तर:

तुमची भीती निराधार नाही, म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते. चार विषयांचे पहिले धडे गिरवायचे आणि एकाही विषयाच्या मुळाशी पोहोचायचे नाही, हा धोका अशा कार्यक्रमांत खरोखरच असतो. तरीही केवळ एवढ्या कारणाने भौतिकशास्त्र विभागात परत जाऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचे पत्र पुन्हा पुन्हा वाचल्यावर असे वाटते की तुमचे विषय जास्त झालेले नाहीत, तुमचा प्रश्न अजून नेमका झालेला नाही. विषयांची यादी तुमच्याकडे आहे, मार्गदर्शकांच्या अपेक्षा आहेत, उपकरणही आहे. पण या प्रबंधाअखेरीस कोणते विधान सिद्ध किंवा खोटे ठरायचे आहे, हे पत्रात कुठेच आलेले नाही. ते ठरले की कोणता विषय किती हवा हे त्यावरूनच ठरत जाते.

प्रकाशाने मोजमाप करणाऱ्या कोणत्याही यंत्रात एक साखळी असते. प्रकाश स्रोतातून निघतो, भिंगांतून आणि आरशांवरून जातो, पेशींवर किंवा पदार्थावर आदळून विखुरतो किंवा शोषला जातो, उरलेला डिटेक्टरवर पडतो, तिथे त्याचे विजेत आणि मग अंकांत रूपांतर होते, त्या अंकांवर एखादी गणनपद्धती चालते आणि शेवटी पडद्यावर एक आकडा किंवा एक प्रतिमा उमटते, जिच्या आधारे कोणीतरी निर्णय घेते. प्रत्येक कडीवर आयुष्य वेचलेले तज्ज्ञ असतात. पण शेवटचा आकडा चुकला तर तो कोणत्या कडीपाशी आणि किती चुकला, हे सांगू शकणारी व्यक्ती विरळा असते. आंतरविद्याशाखीय प्रशिक्षणातून तयार व्हायची ती ही व्यक्ती. तिची खोली एका कडीत असावी, इतकी की त्या कडीविषयी शंका आली तर इतरांनी तिच्याकडे यावे. आणि उरलेल्या प्रत्येक कडीविषयी तिला इतके कळावे की तिथली चूक शेवटच्या आकड्यापर्यंत कशी पोहोचते याचा हिशेब तिला स्वतः मांडता यावा.

हे अमूर्त वाटू नये म्हणून बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे उदाहरण घेते, कारण ते यंत्र सर्वांनी पाहिलेले असते आणि त्याचा धडा तुमच्या कामाला थेट लागू पडतो. त्याचे मूळ तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त, असे दोन प्रकाश बोटातून आरपार पाठवले जातात. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते, तर ऑक्सिजन बाळगणारे हिमोग्लोबिन अवरक्त जास्त शोषते. त्वचा, हाड आणि शिरांतले रक्त यांचे शोषण जवळजवळ स्थिर असते, धमनीतले रक्त मात्र नाडीबरोबर कमीजास्त होते. म्हणून संकेतातला धडधडणारा भाग वेगळा काढून दोन्ही रंगांसाठी त्याचे स्थिर भागाशी प्रमाण काढायचे आणि त्या दोन प्रमाणांचे गुणोत्तर घ्यायचे. भौतिकशास्त्र इथवर साथ देते. त्या गुणोत्तराचा अर्थ ९७ टक्के घ्यायचा की ९१, हे मात्र निव्वळ सूत्रातून निघत नाही, कारण बोटात प्रकाश सरळ न जाता असंख्य वेळा विखुरतो. म्हणून निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजन असलेली हवा देऊन, त्यांच्या धमनीतले रक्त तपासून, गुणोत्तर आणि संपृक्तता (किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजन बाळगते ते) यांची जोडी लावलेली असते. पडद्यावर दिसणारा आकडा त्या जोडीतून आलेला असतो.

हे स्वयंसेवक कोण होते, हा प्रश्न इथे निर्णायक ठरतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्ताची संपृक्तता प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांच्या मोजमापांत ११.७ टक्के आणि गौरवर्णीय रुग्णांच्या मोजमापांत ३.६ टक्के आढळले. गडद त्वचेत यंत्राचा आकडा वर सरकतो अशी नोंद त्याआधीही काही अभ्यासांनी केली होती. त्वचेतले रंगद्रव्य मेलॅनिन प्रकाश शोषते हे प्रकाशशास्त्राच्या विद्यार्थ्याला माहीत होते. आकडा आणि रुग्णाची अवस्था जुळत नाही हे अतिदक्षता विभागातल्या माणसाला दिसत असणार. आणि सरासरी त्रुटी लहान असली तरी एखाद्या गटातली त्रुटी मोठी असू शकते हे संख्याशास्त्रज्ञाला ठाऊक असते. या तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात एकत्र आल्या असत्या तर यंत्राच्या चाचणीचा आराखडाच वेगळा झाला असता. लोकांच्या जिवाशी निगडित असलेली ही उणीव इतकी वर्षे राहिली, याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना असे शिक्षण मिळायलाच हवे असे मी आग्रहाने म्हणते ते म्हणूनच.

आता तुमच्या ओसीटीकडे येऊ. तुमच्या दोन मार्गदर्शकांतला वाद हा स्वभावांचा किंवा विद्याशाखांचा वाद म्हणून मिटवू नका. तो मोजून सोडवता येणारा वाद आहे. त्यासाठी त्रुटींचा ताळेबंद मांडा. जाडीच्या एका आकड्यात किती मायक्रॉनची अनिश्चितता आहे आणि ती कुठून किती येते, याचा तक्ता म्हणजे हा ताळेबंद.

सुरुवात कशी करायची ते दाखवते. ओसीटीची खोलीच्या दिशेतली विभेदनक्षमता स्रोताच्या मध्य तरंगलांबीच्या वर्गाला वर्णपटाच्या रुंदीने भागून आणि सुमारे ०.४४ ने गुणून मिळते. स्रोताची मध्य तरंगलांबी ८४० नॅनोमीटर आणि रुंदी ५० नॅनोमीटर असेल तर हवेत उत्तर सुमारे ६.२ मायक्रॉन येते. ते निम्मे करायचे तर रुंदी १०० नॅनोमीटर लागेल. एवढ्याने काम संपत नाही. रुंद वर्णपटात डोळ्यातल्या द्रवाचे वर्णविक्षेपण, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींचा वेग वेगळा असणे, जास्त त्रास देते आणि ते संदर्भ-भुजेत (तुलनेसाठी प्रकाशाचा दुसरा भाग ज्या वाटेने आरशापर्यंत जाऊन परततो तिथे) किंवा गणितात भरून काढावे लागते. शिवाय वर्णपटमापीत तेवढ्याच पिक्सेलांवर दुप्पट रुंद पट्टा पसरवला की मोजता येणारी खोली निम्मी होते. या सगळ्या अडचणींवर मात करता येते, आणि ते काम उत्तम प्रशिक्षण देणारे आहे. पण त्याने जाडीचा आकडा सुधारतो का?

इथे भौतिकशास्त्राचे तुमचे शिक्षण कामी येते. विभेदनक्षमता सांगते की अगदी जवळचे दोन पृष्ठभाग वेगळे ओळखता येतील का. चेतातंतूंच्या थराची सरासरी जाडी निरोगी डोळ्यात १०० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे त्याच्या दोन्ही कडा एकमेकींपासून पुष्कळ दूर आहेत. एकट्या कडेचे स्थान तर विभेदनक्षमतेपेक्षा कितीतरी बारकाईने ठरवता येते, संकेत पुरेसा असेल तर. याच कल्पनेच्या बळावर सूक्ष्मदर्शनात केवढी झेप घेतली गेली ते आठवा. १८७३ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी मांडलेली विवर्तनाची मर्यादा, म्हणजे प्रकाशलहरी पसरत असल्याने याहून जवळचे दोन बिंदू भिंगातून वेगळे दिसत नाहीत ते अंतर, दृश्य प्रकाशासाठी सुमारे २०० नॅनोमीटर येते. पण एकट्या चमकणाऱ्या रेणूचा ठिपका तेवढा रुंद असला तरी त्याचा मध्य, ठिपक्याच्या रुंदीला फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, संख्येच्या वर्गमुळाने भागावे इतक्या बारकाईने सापडतो, म्हणजे १०० फोटॉन मिळाले तर दहापट बारकाईने. रेणू एकेक करून चमकवता येऊ लागले आणि २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोर्नर यांना मिळाले. बेट्झिग आणि हेल मुळात भौतिकशास्त्राचे विद्यार्थी होते. मर्यादा ओलांडली गेली ती अधिक चांगल्या भिंगाने नाही. रेणूंना चालू-बंद करण्याच्या रसायनाने ती ओलांडली. तुमचे सहाध्यायी शुद्ध भौतिकशास्त्रात खोल गेले आहेत याचा आनंद माना, पण खोली फक्त तिथेच असते असे मानू नका.

ओसीटीत मात्र स्पेकलचा, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून प्रतिमेत उमटणाऱ्या दाणेदार ठिपक्यांचा, अडथळा आहे. एकाच जागी घेतलेल्या फ्रेमांची सरासरी काढून डिटेक्टरचा नॉइज कमी होतो, स्पेकल तसाच राहतो, कारण तो विखुरणाऱ्या कणांच्या मांडणीतून येतो. जागा किंचित सरकवली तरच तो सरासरीत विरतो. तेव्हा कडा शोधण्यातली खरी अनिश्चितता स्पेकल, संकेताची ताकद आणि कडा ओळखणारी गणनपद्धती या तिघांच्या संगनमतातून येते. एकाच डोळ्याची मोजणी पुन्हापुन्हा केली तर सरासरी जाडीत चार-पाच मायक्रॉनचा फरक सहज पडतो, आणि काचबिंदूत दर वर्षी होणारी झीज बहुधा याहून कमी असते. तुमच्या नेत्रतज्ज्ञ मार्गदर्शकांची तक्रार किती खरी आहे ते यावरून दिसते.

आता प्रयोगशाळा सोडून तपासणीच्या खोलीत जा. तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञाशेजारी आठवड्यातून अर्धा दिवस बसा आणि सुरुवातीला काहीही सुचवू नका, फक्त पाहा. वृद्ध रुग्ण हनुवटी टेकवतो, हिरव्या खुणेकडे पाहायला सांगितले तरी त्याची नजर ढळते. पापण्या मिटल्या नाहीत तर अश्रूंचा थर वाळतो आणि प्रतिमा हळूहळू अंधुक होते. मिटल्या तर मधल्या काही रेषा कोऱ्या राहतात. मोतीबिंदू असेल तर संकेत आधीच क्षीण असतो, आणि क्षीण संकेतात थर खऱ्यापेक्षा पातळ मोजला जातो. कोणत्या रुग्णाची तपासणी पुन्हा करावी लागणार हे अनुभवी तंत्रज्ञाला पहिल्या काही सेकंदांत कळते. त्याला ते कशावरून कळते हे विचारा आणि लिहून ठेवा, कारण तुमच्या ताळेबंदातल्या अनेक नोंदी तिथून येणार आहेत.

यातली एक नोंद मला विशेष मोलाची वाटते. थराची जाडी साधारणपणे दृष्टिचेतेच्या मुखाभोवती सुमारे ३.४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर मोजली जाते. पण यंत्र मिलिमीटर मोजत नाही, ते किरण ठरावीक कोनातून फिरवते. त्या कोनाचे मिलिमीटर होतात ते डोळ्याची लांबी सरासरीइतकी, म्हणजे २४ मिलिमीटरच्या आसपास, आहे असे गृहीत धरून. जास्त मायनस नंबरचा चष्मा असलेल्या माणसाचा डोळा लांब असतो. त्याच्या दृष्टिपटलावर तेच वर्तुळ मोठे पडते, चेतामुखापासून दूर जाते, आणि दूर गेल्यावर थर स्वाभाविकपणेच पातळ असतो. यंत्र त्या जाडीची तुलना सामान्य माणसांच्या नोंदींशी करते आणि निरोगी डोळ्यापुढे लाल खूण उमटवते. रुग्ण घाबरतो, डॉक्टर बुचकळ्यात पडतात, कदाचित अनावश्यक औषध सुरू होते. आणि या सगळ्याच्या मुळाशी असतो भूमितीय प्रकाशशास्त्रातला एक साधा गुणक. तीन मायक्रॉनची विभेदनक्षमता ही चूक तसूभरही कमी करणार नाही, आणि केवळ रुग्ण पाहून तिचे कारणही सापडणार नाही.

मग नेत्रतज्ज्ञ बरोबर आणि अभियंत्या चूक असा निकाल द्यायचा का? तसे नाही. प्रश्न चेतातंतूंच्या जाड थराचा न राहता दृष्टिपटलातल्या एकमेकांना चिकटलेल्या पातळ थरांचा झाला, उदाहरणार्थ गँगलियन पेशींचा थर आणि त्याखालचा जाळीदार थर वेगळे मोजायचे ठरले, तर तीन मायक्रॉनचे मोल एकदम वाढते. म्हणजे दोघांपैकी कोण बरोबर हे तुम्ही कोणता प्रश्न विचारता यावर अवलंबून आहे, आणि प्रश्न निवडण्याचा अधिकार प्रबंध लिहिणाऱ्याचा आहे. तुमच्या जागी मी असते तर असा प्रश्न मांडला असता: डोळ्याची लांबी, वर्तुळाचा मध्य चुकणे आणि संकेताची ताकद या तीन कारणांनी जाडीच्या आकड्यात किती चूक येते, त्यातली किती चूक यंत्राच्या रचनेत किंवा गणितात दुरुस्त करता येते, आणि दुरुस्तीनंतर एका वर्षातली खरी झीज ओळखणे शक्य होते का? या प्रश्नाला दोन्ही मार्गदर्शक लागतात. त्यांतला एक जरी गेला तरी प्रबंध कोसळतो. विषय खरोखर आंतरविद्याशाखीय आहे की नुसता तसा म्हणवला जातो, हे ओळखण्याची माझी कसोटी हीच आहे. आणि तुमची खोलीची कडी कोणती, याचेही उत्तर यात आहे: जिवंत डोळ्यातून प्रतिमा कशी तयार होते, ही तुमची कडी.

ओसीटीचा जन्मही असाच झाला, हे तुमच्या ओढाताणीच्या काळात लक्षात असावे. १९९१ मध्ये तिचे वर्णन करणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे पहिले लेखक डेव्हिड ह्वांग हे वैद्यक आणि पीएच.डी. एकत्र करणारे विद्यार्थी होते. जेम्स फुजिमोतो अतिलघु लेसर स्पंदांचे तज्ज्ञ होते. एरिक स्वॉनसन उपग्रहांमधल्या लेसर संदेशवहनावर काम करणारे अभियंते होते आणि गटात नेत्रतज्ज्ञही होते. यांपैकी कोणीही अर्धवट जाणकार नव्हते. प्रत्येकाची स्वतःची पक्की कडी होती आणि दुसऱ्याच्या कडीबद्दल विचारायला कोणाला संकोच नव्हता. ह्वांग, फुजिमोतो आणि स्वॉनसन यांना २०२३ चे वैद्यकीय संशोधनाचे लास्कर पारितोषिक मिळाले.

काय शिकावे, काय सोडावे? फूरिए विश्लेषण आणि प्रतिमानिर्मितीचे गणित यांत तडजोड नको. ओसीटीचा संकेत मुळात वर्णपटाचे फूरिए रूपांतर आहे, आणि ते हाताने करता येईपर्यंत सॉफ्टवेअरवर विसंबू नका. नॉइज तितक्याच मुळापासून शिका: १०० फोटॉनांच्या मोजणीत १० चा चढउतार असतो, १०,००० फोटॉनांत १०० चा, म्हणजे दहा टक्क्यांवरून एक टक्क्यावर यायला शंभरपट प्रकाश लागतो, आणि डोळ्यात किती प्रकाश सोडायचा याला सुरक्षिततेची मर्यादा आहे. ती मर्यादा तुमच्या तरंगलांबीसाठी आणि तुमच्या तपासणीच्या कालावधीसाठी स्वतः काढा, शक्तिमापीने स्वतः पडताळा; दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर कोणाच्याही डोळ्यात किरण सोडू नका. याबाबतीत मार्गदर्शकांचाही शब्द अंतिम मानू नका.

संख्याशास्त्रात विद्यार्थी बहुतेक वेळा नको ते शिकतात. दोन यंत्रांचे आकडे जुळतात का हे पाहण्यासाठी सहसंबंध गुणांक काढून समाधान मानले जाते. पण एक यंत्र सतत दहा मायक्रॉन जास्त दाखवत असेल तरी सहसंबंध उत्कृष्ट येतो. मार्टिन ब्लँड आणि डग्लस आल्टमन यांनी १९८६ मध्ये दाखवलेली फरक विरुद्ध सरासरी अशी आलेखपद्धत तुमच्या कामात रोज लागेल. एकाच व्यक्तीचे दोन डोळे ही दोन स्वतंत्र निरीक्षणे नसतात, हेही लक्षात असू द्या. यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) वापरणार असाल तर प्रतिमांची विभागणी रुग्णानुसार करा. एकाच रुग्णाच्या प्रतिमा प्रशिक्षणात आणि चाचणीत दोन्हीकडे गेल्या की निकाल फार चांगला दिसतो आणि नव्या रुग्णालयात पहिल्याच दिवशी ढासळतो.

शरीरक्रियाशास्त्र संपूर्ण नको. एक अवयव घ्या आणि तो विशेषज्ञाच्या सोबतीने नीट शिका. रेणुजीवशास्त्र, लेसरची अंतर्गत रचना आणि डिटेक्टरचे इलेक्ट्रॉनिक्स हे विषय सध्या ओळखीपुरते पुरेत. प्रोग्रॅमिंगमध्ये पायथन किंवा मॅटलॅब, काहीही चालेल, पण सहा महिन्यांनी दुसऱ्याला तुमचा कोड चालवून तोच आलेख मिळाला पाहिजे.

हाताच्या कामाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण सिद्धान्ताकडून आलेले विद्यार्थी ते तंत्रज्ञांवर सोडून देतात आणि मग आयुष्यभर परावलंबी राहतात. तुमच्या यंत्रात नमुन्याच्या जागी साधा आरसा ठेवा, वर सौम्य फिल्टर लावा आणि शिखराची रुंदी मोजा. आरसा पायरीपायरीने मागे नेत संकेत किती घटतो त्याचा आलेख काढा. रुंदी गणितातल्या ६.२ मायक्रॉनऐवजी आठ आली तर कारण शोधा: दोन भुजांतले वर्णविक्षेपण जुळत नसेल, वर्णपटमापीतल्या पिक्सेलांना नेमून दिलेल्या तरंगलांबी चुकल्या असतील, किंवा स्रोताचा वर्णपटच एका बाजूने दबला असेल. ही मोजणी कामाच्या प्रत्येक दिवसाच्या आरंभी करून वहीत नोंदवा. रुग्णांचे आकडे एखाद्या महिन्यात सरकलेले दिसले, तर यंत्र सरकले की रुग्ण बदलले याचे उत्तर फक्त त्या वहीत मिळेल.

नोकरीविषयीची तुमची चिंता मला सर्वांत कमी सतावते. वातावरणाने अस्थिर झालेली ताऱ्यांची प्रतिमा आकार बदलणाऱ्या आरशाने सुधारावी ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडली. १९९७ मध्ये त्याच तंत्राने जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या शंकूपेशी पाहता आल्या. तरंगाग्राचे, म्हणजे पुढे सरकणाऱ्या प्रकाशलहरीच्या आघाडीच्या पृष्ठभागाचे, गणित ज्याला पक्के येते त्याला दुर्बीण आणि डोळा हे दोन्ही दरवाजे उघडे असतात. अर्धवाहक चकत्यांची तपासणी, वातावरणातले वायू ओळखणारे संवेदक, उपग्रहांवरचे कॅमेरे, औषधनिर्मितीतली वर्णपटमापने, शस्त्रक्रियेतली दृश्यसाधने: सगळीकडे हीच साखळी आहे. मुलाखतीत तुम्ही किती विषय शिकलात याला फारशी किंमत नसते; आकडा चुकत होता, चूक अमुक कडीत होती, मी ती अशी शोधली आणि इतकी कमी केली, असे कागदावर आकृती काढून सांगता आले की समोरच्यांना तुमची योग्यता कळते.

तरी एका परिस्थितीत मी तुम्हाला कार्यक्रम सोडायलाच सांगेन. दोन्ही मार्गदर्शक एकत्र बसायला तयार नसतील, वर्षभरात दोघांनी मिळून तुमचा एकही मसुदा वाचला नसेल, आणि तुम्ही दोन वेगवेगळी कामे दोन वेगवेगळ्या लोकांसाठी करत असाल, तर ते आंतरविद्याशाखीय प्रशिक्षण नाही. ती दुप्पट वेठबिगारी आहे, आणि तिच्यातून बाहेर पडण्यात कमीपणा नाही. पत्रावरून तरी तुमच्या दोघांना कामाची तळमळ आहे असे दिसते, त्यामुळे ती वेळ येणार नाही अशी आशा आहे.

तेव्हा पुढच्या महिन्याभरात एवढे करा. त्रुटींच्या ताळेबंदाचा पहिला मसुदा एका पानावर तयार करा. ज्या नोंदींचे आकडे तुमच्याकडे नाहीत तिथे जागा रिकामी ठेवा, अंदाज दडपून लिहू नका. दोघांना एकाच खोलीत बोलवा, ते पान पुढे ठेवा आणि विचारा की यातली कोणती नोंद कमी झाली तर प्रबंध झाला असे तुम्ही दोघे मानाल. उत्तर लेखी घ्या. त्याच बैठकीत तीन व्यवहार उरकून घ्या: रुग्णांवरच्या अभ्यासासाठी नीतिसमितीच्या परवानगीचा अर्ज कोण आणि कधी करणार, कारण त्यात महिने जातात, शोधनिबंधांतला लेखकांचा क्रम, कारण अभियांत्रिकीत आणि वैद्यकात त्याचे संकेत सारखे नसतात, आणि मतभेद झाल्यास शेवटचा निर्णय कोणाचा. त्या बैठकीतही एकमत झाले नाही, तर प्रबंध-समितीवर संख्याशास्त्र किंवा वैद्यकीय भौतिकशास्त्रातली तिसरी व्यक्ती घेण्याची विनंती कार्यक्रमाच्या समन्वयकांना करा आणि तोच कागद त्यांच्यापुढेही ठेवा. रिकाम्या जागांपैकी डोळ्याच्या लांबीची नोंद आधी भरा. तुमच्या नेत्रतज्ज्ञ मार्गदर्शकांकडे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी केलेली लांबीची मोजमापे असण्याची दाट शक्यता आहे, आणि परवानगी मिळाली तर नवा रुग्ण न बोलावताही तुम्हाला कामाला लागता येईल.